डबी फेकू नका: गोरेपणाच्या क्रीममधला पारा तपासून घ्यायची रीत

आमच्या सोसायटीत मला ‘लॅबवाली ताई’ म्हणतात. बावीस वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या प्रयोगशाळांमध्ये धातूंचं विश्लेषण करण्यात गेली, त्यामुळे कुणाच्या नळाला लालसर पाणी आलं तरी बाटली आधी माझ्या दारात येते. गेल्या लग्नसराईच्या तोंडावर तळमजल्यावरच्या काकू आल्या, त्या मात्र रिकाम्या हातांनी. भाचीचं लग्न दोन महिन्यांवर आलेलं. पार्लरमधून घेतलेल्या नाइट क्रीमने चेहरा तीन आठवड्यांत ‘एकदम उजळला’, आणि आता पायांवर सूज. मी विचारलं, “डबी कुठाय?” काकू म्हणाल्या, “अगं, घाबरून कालच कचऱ्याच्या गाडीत टाकली.”

निम्मं काम तिथेच बिघडलं. क्रीममध्ये काय होतं हे नक्की सांगू शकणारी वस्तू एकच असते, ती डबी. रक्त-लघवीच्या तपासणीतून शरीरात किती शिरलं ते कळतं. कुठून शिरलं हे डबीच सांगते. म्हणून हा लेख डबीपासून सुरू होतो.

पारा मुद्दाम घालतात, बाकीचे धातू बहुतेकदा चुकून येतात

हा फरक आधी नीट समजून घ्या, कारण तपासणी कोणती करायची ते यावर ठरतं. त्वचेचा रंग मेलॅनिनमुळे असतो. ते तयार करणाऱ्या टायरोसिनेज या विकराच्या गाभ्यात तांबं असतं. पाऱ्याचे क्षार त्या तांब्याची जागा बळकावतात आणि मेलॅनिनचं काम मंदावतं. कॅलोमेल, म्हणजे मर्क्युरस क्लोराइड, आणि अमोनिएटेड मर्क्युरी ही त्यातली जुनी, स्वस्त आणि लवकर परिणाम दाखवणारी रसायनं. शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, निकेल हे धातू मात्र सहसा रंगद्रव्यांतून किंवा खनिज कच्च्या मालातून थोडे थोडे येतात. कुणी ते गोरेपणासाठी घालत नाही.

आकड्यांत हा फरक स्पष्ट दिसतो. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०१४ मध्ये बाजारातली ३२ फेअरनेस क्रीम तपासली. त्यांपैकी १४ मध्ये पारा सापडला, ०.१० ते १.९७ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत तेवढे भाग. याउलट झीरो मर्क्युरी वर्किंग ग्रुप या पाऱ्याविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांच्या गटाने २०१९ मध्ये अनेक देशांतून गोळा केलेल्या क्रीमपैकी सदोष नमुन्यांत ४० पासून १,३०,००० पीपीएमपर्यंत पारा निघाला. एक लाख तीस हजार पीपीएम म्हणजे तेरा टक्के. इतका पारा चुकून पडत नाही.

भारतात सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार पारा घालून प्रसाधन बनवायला बंदी आहे. नकळत राहिलेला पारा १ पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही. डोळ्यांच्या भोवती वापरायच्या प्रसाधनांसाठी ही मर्यादा ७० पीपीएम आहे. पाऱ्याला आळा घालणाऱ्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराच्या सदस्य देशांनी २०२३ मध्ये जिनिव्हात याच्या पुढे जाऊन पारा घातलेली सगळीच प्रसाधनं २०२५ पर्यंत बंद करायचं ठरवलं, आणि भारताने त्या कराराला २०१८ मध्येच मान्यता दिलेली आहे.

पायरी १: लावणं थांबवा, डबी जपून ठेवा

डबी आहे तशी झाकण लावून दोन झिपच्या पिशव्यांत, एकीत एक, घाला आणि कपाटात अंधाऱ्या जागी ठेवा. उघड्या क्रीमला अॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळू नका, पाऱ्याची अॅल्युमिनियमशी अभिक्रिया होते. दुसऱ्या भांड्यात काढून ठेवू नका. फ्रिजमध्ये तर नकोच, पोरं उघडतात. बाहेरचं खोकं, आतला कागद, बिल, गूगल पे किंवा फोनपेचा स्क्रीनशॉट, विकणाऱ्याशी झालेलं व्हॉट्सअॅप बोलणं, सगळं एकत्र ठेवा. डबीचे सहाही बाजूंनी फोटो काढा. त्यात तळही घ्या, बॅच नंबर बहुतेक तिथेच असतो.

घरात हमखास सुचणारा एक प्रयोग करू नका. सोन्याची अंगठी किंवा तांब्याचं नाणं क्रीममध्ये घासून चंदेरी डाग पडतो का बघायचं, असा सल्ला फिरत असतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्याला थोडा आधार आहे, कॉलेजच्या प्रॅक्टिकलला पाऱ्याच्या क्षाराने तांबं चकचकीत झालेलं आम्हीही बघितलंय. पण तेलकट क्रीममध्ये डाग पडला नाही म्हणून पारा नाही असं होत नाही, आणि पडला तर अंगठीही गेली आणि बोटंही माखली.

पायरी २: आधी साधी लघवी तपासा

लॅबवाल्या बाईने हे लिहावं याचं नवल वाटेल, पण पहिला पैसा क्रीमच्या तपासणीवर घालू नका. कोपऱ्यावरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळच्या पहिल्या लघवीची रूटीन तपासणी करा, आणि लघवीतल्या प्रथिनांचं क्रिएटिनिनशी प्रमाणही काढायला सांगा. थोड्या पैशांत होतं, त्याच दिवशी कळतं. पाऱ्याचा पहिला मोठा फटका मूत्रपिंडाला बसतो. लघवी फेसाळ होते, डोळ्यांभोवती आणि पायांवर सूज येते. दुसरा फटका मज्जासंस्थेला बसतो: हात थरथरणं, झोप उडणं, विनाकारण चिडचिड, बोटांत मुंग्या. लहान मुलांत रक्तदाब वाढू शकतो.

ही काल्पनिक भीती नाही. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळातले मेम्ब्रेनस नेफ्रोपथी या मूत्रपिंडाच्या आजाराचे २२ रुग्ण नोंदवले. त्यांतले १५ जण नेल-१ या प्रथिनाशी जोडलेल्या प्रकाराचे निघाले, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरं करणारं क्रीम वापरल्याचं सांगितलं. आपल्याकडे २०२३ मध्ये अकोल्याच्या एका मुलीला, तिच्या आईला आणि बहिणीला मूत्रपिंडाचा त्रास झाला. परळच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर धागा पार्लरमधून आणलेल्या क्रीमपर्यंत पोचला. एकाच घरातल्या तिघी एकाच वेळी आजारी पडतात तेव्हा घरातल्या सामायिक वस्तूंकडे बघायचं, हे त्यातून शिकण्यासारखं.

लघवीत प्रथिनं निघाली, सूज असेल, किंवा बाई गरोदर असेल, अंगावर पाजत असेल, तर पुढच्या पायऱ्या वाचत बसू नका. आधी मूत्रपिंडतज्ज्ञ गाठा, डबी सोबत न्या. क्रीमचा अहवाल मागाहून येऊ दे.

पाऱ्याची पातळी बघायची तर क्रीममधल्या अकार्बनी (क्षारांच्या रूपातल्या) पाऱ्यासाठी लघवीची तपासणी जास्त उपयोगी. चोवीस तासांची लघवी किंवा एकच नमुना, क्रिएटिनिनच्या प्रमाणात. साधारणपणे २० मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली आकडा असतो, बहुतेकांचा तर त्याहून बराच कमी. डबा धातूंच्या तपासणीसाठीचा, धातूविरहित आहे ना ते लॅबला विचारा, साधी बाटली चालत नाही. रक्त द्यायचं असेल तर निळ्या झाकणाची खास नळी लागते.

इथे मुंबईकरांची खास गोची आहे: मासे. सुरमईसारख्या मोठ्या माशांत मिथाइल पारा, म्हणजे पाऱ्याचं सेंद्रिय रूप, साठतो आणि रक्तातल्या एकूण पाऱ्याच्या आकड्यात तो मिसळतो. आठवड्यातून चार दिवस सुरमई खाणाऱ्या कोळीवाड्यातल्या आजींचा रक्तातला पारा क्रीम न लावताही वाढलेला दिसू शकतो. म्हणून डॉक्टरांना माशांबद्दल स्पष्ट सांगा. लघवीत आर्सेनिक तपासणार असाल तर आधी तीन-चार दिवस मासे, कोळंबी, खेकडे बंद. समुद्री जीवांत निरुपद्रवी आर्सेनिक भरपूर असतं आणि ते आकडा फुगवतं.

‘डिटॉक्स’च्या नावाखाली आधी गोळी देऊन मग लघवी तपासणारे काही जण भेटतील. औषधाने धातू ओढून काढल्यावर कुणाच्याही लघवीत आकडा वाढतो. त्या अहवालाची साध्या मर्यादेशी तुलना करता येत नाही. त्या वाटेला जाऊ नका.

पायरी ३: डबी वाचा

भारतात बनलेल्या प्रसाधनावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरण्याची मुदत आणि घटकांची यादी असावी लागते. बाहेरून आलेल्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि आयात नोंदणीचा क्रमांक. बॅगेतून आणलेल्या, ऑनलाइन गटात विकलेल्या किंवा पार्लरच्या मोठ्या बरणीतून छोट्या डबीत काढून दिलेल्या क्रीमवर यातलं काहीच नसतं. ‘फॉर्म्युला क्रीम’ हा शब्द कानावर आला की मी कान टवकारते.

यादीत मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल, मर्क्युरिक, मर्क्युरिओ, अमोनिएटेड मर्क्युरी यांतलं काही दिसलं तर तपासणीची गरजच उरत नाही. पण प्रामाणिकपणे लिहिणारे फार थोडे. त्यापेक्षा सूचना वाचा. ‘सोनं, चांदी, अॅल्युमिनियम, रबर यांना लागू देऊ नका’ असं क्रीमच्या डबीवर लिहिलेलं असेल, तर ते बनवणाऱ्याने नकळत दिलेला कबुलीजबाबच समजा. उजेडात ठेवल्यावर पांढरं क्रीम राखाडी पडणं हीसुद्धा वाईट खूण.

नामांकित ब्रँडची सीलबंद, परवाना क्रमांक असलेली डबी असेल तर पाऱ्याची शक्यता बरीच कमी होते, पण नक्कल माल असतो. क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांत अस्सल आणि नक्कल शेजारीशेजारी असू शकतात, नुसत्या जागेवरून काही ठरवू नका.

पायरी ४: नमुना द्यायच्या आधी

शक्य असेल तर त्याच दुकानातून त्याच बॅचची दुसरी सीलबंद डबी बिलासह घ्या. ती न उघडता ठेवायची, का ते सरकारी वाटेच्या पायरीत येईल. वापरलेली डबी लॅबला द्यायची झाली तर पूर्ण डबीच द्या. घरी चमच्याने थोडं काढून नेलेला नमुना बिनभरवशाचा. हाताने ढवळून बनवलेल्या क्रीममध्ये पारा सारखा पसरलेला नसतो, वरचा थर एक सांगतो, तळ दुसरं. प्रत्यक्षात तपासणीसाठी अर्धा ग्रॅमही पुरतो, पण त्या अर्ध्या ग्रॅमने अख्ख्या डबीचं प्रतिनिधित्व करायला हवं, म्हणून लॅबला २० ते ५० ग्रॅम हवं असतं.

पिशवीवर तारीख, वस्तूचं नाव, बॅच, कुठून घेतलं ते लिहा, तोंडाला चिकटपट्टी लावून त्यावर सही करा. आमच्या खात्यात याला ‘कस्टडी’ म्हणतात. नमुना कुणाकुणाच्या हातांतून गेला याची नोंद म्हणजे कस्टडी, आणि वाद झाला की वकील पहिल्यांदा तीच विचारतो.

पायरी ५: लॅब निवडणं, आणि फोनवर काय बोलायचं

अंधेरी एमआयडीसी, ठाण्याचं वागळे इस्टेट, तुर्भे-महापे या पट्ट्यात प्रसाधनं तपासणाऱ्या खासगी लॅब पुष्कळ आहेत. लॅब एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यताप्राप्त आहे एवढ्यावर समाधान मानू नका. मान्यता ठरावीक वस्तूंसाठी आणि ठरावीक तपासण्यांसाठी असते. एनएबीएलच्या संकेतस्थळावर त्या लॅबचा ‘स्कोप’ उघडून ‘प्रसाधनं’ या गटात ‘पारा’ आहे का ते बघा. पाण्यातल्या पाऱ्याची मान्यता असलेली लॅब क्रीमसाठी तितकीच तयार असेल असं नाही.

फोनवर मी सांगते ते शब्द जसेच्या तसे वापरा, समोरचा माणूस लगेच सरळ होतो:

“त्वचेच्या क्रीममधला एकूण पारा बघायचाय. डायजेशन बंद भांड्यात, मायक्रोवेव्हमध्ये करणार का? तुमचा एलओक्यू किती? अहवालावर तो छापणार का? नमुना दुहेरी चालवणार का? रिकव्हरी किती येते?”

एलओक्यू म्हणजे यंत्र आणि पद्धत मिळून जो सर्वात कमी आकडा खात्रीने सांगू शकते तो. १ पीपीएमची मर्यादा तपासायची तर एलओक्यू ०.१ पीपीएम किंवा त्याहून कमी हवा. डायजेशन म्हणजे नमुना आम्लात तापवून पूर्ण विरघळवणं. बंद भांड्याचा आग्रह कशासाठी? पारा उडून जातो. उघड्या बीकरमध्ये हॉटप्लेटवर नायट्रिक आम्लात उकळला तर निम्मा पारा वाफा ओढणाऱ्या हुडमधून बाहेर जाईल आणि अहवाल सुंदर येईल.

शिसं, आर्सेनिक, कॅडमियमही तपासून हवे असतील तर त्याच डायजेशनमधून आयसीपी-एमएस या धातू मोजणाऱ्या यंत्रावर होतात. धातूगणिक दर वेगळा लागतो, म्हणून पैसे मोजकेच असतील तर फक्त पारा करा. क्रीमसाठीच्या आयएस ६६०८ या भारतीय मानकात जड धातूंची, शिसं धरून मोजलेली, मर्यादा २० पीपीएम आणि आर्सेनिकची २ पीपीएम आहे. लिपस्टिक, सिंदूर, सुरमा असेल तर मात्र शिशाला पहिला मान, सुरम्यात गॅलिना म्हणजे शिशाचं सल्फाइड वापरण्याची जुनी पद्धत आहे.

आणखी एक सांगायचं राहू नये: “यात पारा टक्क्यांत असू शकतो” असं लॅबला आधी सांगा. आयसीपी-एमएसच्या नळ्यांना पारा चिकटून बसतो आणि पुढच्या चार ग्राहकांच्या नमुन्यांत डोकावतो. तो धुऊन काढायला आम्ही सोन्याचं पातळ द्रावण फिरवतो, कारण पारा सोन्याला धरून बाहेर पडतो. आधी कळलं तर रसायनज्ञ नमुना हजारपट पातळ करून सुरू करतो आणि तुम्हाला आशीर्वाद देतो.

झवेरी बाजारातलं यंत्र चालेल का?

हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की वेगळा भाग द्यावा लागला. सोन्याचा टंच, म्हणजे शुद्धता, काढणाऱ्याकडे जे यंत्र असतं ते क्ष-किरणांवर चालतं, त्याला एक्सआरएफ म्हणतात. क्ष-किरण पडले की प्रत्येक धातू आपल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत सोडतो. सोन्याची मुख्य रेषा ९.७१ आणि पाऱ्याची ९.९९ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, अगदी शेजारी. पण टंचाचं यंत्र सोने-चांदीच्या मिश्रधातूंसाठी जुळवलेलं असतं. तेलकट क्रीममध्ये पारा किती पीपीएम, हे त्याला येत नाही. प्रसाधनांसाठी जुळवलेलं हातातलं एक्सआरएफ ही वेगळी गोष्ट. ते डबीतल्या क्रीमवर धरलं की मिनिटभरात ‘हजारो पीपीएम आहे’ की ‘दिसत नाही’ एवढं सांगतं, आणि चाळणीसाठी उत्तम आहे. १ पीपीएमचा निवाडा त्याच्याकडून होत नाही. त्याची एक जुनी खोड म्हणजे आर्सेनिकची रेषा १०.५४ आणि शिशाची १०.५५, एकमेकांवर चढलेल्या. एक्सआरएफवर आर्सेनिक दिसलं म्हणून कुणी घाबरवलं, तर ‘शिसं वजा केलं का?’ एवढंच विचारा.

पाऱ्यापुरतं बोलायचं तर माझी आवड म्हणजे थेट मर्क्युरी अॅनालायझर. आम्ल नको, डायजेशन नको. नमुना तापवला की पारा वाफ होऊन सोन्यावर अडकतो, मग सोडून २५३.७ नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजतात. याची आयएसओ २३६७४ ही पद्धत २०२२ मध्ये आली. आयसीपी-एमएससाठी आयएसओ २१३९२, २०२१ ची. अहवालावर या क्रमांकांपैकी एखादा असेल तर बरंच काही नीट झालेलं असतं.

पायरी ६: अहवाल वाचणं

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या मुलीने आणलेल्या अहवालात ‘मर्क्युरी: एनडी’ असं ठसठशीत लिहिलेलं होतं, आणि ती निर्धास्त. एनडी म्हणजे सापडला नाही. पण कितीपर्यंत शोधला? अहवालावर एलओक्यू नव्हता. मी लॅबला फोन केला, तर उत्तर आलं, “मॅडम, पाच पीपीएम.” म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या चौपट पारा असता तरी त्या कागदावर एनडीच आलं असतं. मी ज्या धंद्यात आयुष्य घालवलं त्याची ही लाज आहे, पण ती आहे. एनडी किंवा बीएलक्यू (एलओक्यूच्या खाली) लिहिलेल्या ठिकाणी शेजारी आकडा नसेल तर तो अहवाल परत पाठवा.

एकक बघा. १ पीपीएम म्हणजे किलोमागे १ मिलिग्रॅम, म्हणजेच ०.०००१ टक्के. १०,००० पीपीएम म्हणजे १ टक्का. १ टक्का पारा असलेलं क्रीम रोज एक ग्रॅम लावलं तर दिवसाला १० मिलिग्रॅम पारा चेहऱ्यावर चढतो. मर्यादेत बसणाऱ्या १ पीपीएमच्या क्रीममधून तेवढाच पारा लावायला दहा हजार दिवस, म्हणजे सत्तावीस वर्षांहून जास्त लागतील. ३० ग्रॅमच्या डबीत २ टक्के पारा असेल तर अख्ख्या डबीत ०.६ ग्रॅम, घरच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये साधारण असतो तितका.

आकडा ०.३ आला तर तो मर्यादेत आहे. २ किंवा ३ आला तर कच्च्या मालातला घोळ असू शकतो, दुसऱ्या बॅचची तपासणी करा. शेकडो-हजारोंत आला तर कुणीतरी तो घातलेला आहे. दुहेरी नमुन्यांतले दोन आकडे जवळजवळ सारखे आहेत का बघा. रिकव्हरी म्हणजे लॅबने मुद्दाम घातलेल्या पाऱ्यापैकी किती परत मोजता आला ते. ८० ते १२० टक्क्यांच्या आत असावी. मान्यतेच्या अहवालावर एनएबीएलचं चिन्ह आणि यूएलआर, म्हणजे त्या अहवालाचा स्वतंत्र क्रमांक असतो, नसेल तर का नाही ते विचारा.

‘पारा नाही’ म्हणजे ‘क्रीम चांगलं’ असं मात्र नाही. याच डब्यांत क्लोबेटासोल, बीटामेथासोनसारखी स्टेरॉइड आणि हायड्रोक्विनोन सापडतात. धातूंच्या तपासणीत ती दिसत नाहीत. चेहरा पातळ, लाल, केसाळ होत असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि स्टेरॉइडची वेगळी तपासणी करा.

पायरी ७: सरकारी वाट

औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २६ ची माहिती फार कमी लोकांना असते. विकत घेतलेलं प्रसाधन कुणाही ग्राहकाला अर्ज आणि शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देता येतं आणि त्याच्या सहीचा अहवाल मिळवता येतो. मान्यताप्राप्त ग्राहक संघटनेलाही हा हक्क आहे. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे. मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात, हेल्पलाइन १८००-२२२-३६५. आयात मालाबद्दल केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेचं पश्चिम विभागाचं कार्यालय मुंबई सेंट्रलला, बेलासिस रोडवर जीएमएसडी आवारात आहे.

तक्रार लिहिताना राग कमी, तपशील जास्त. क्रीमचं नाव, बॅच, दुकानाचा किंवा पार्लरचा पत्ता, तारीख, रक्कम, खासगी लॅबचा अहवाल जोडून. औषध निरीक्षक स्वतः जाऊन नमुना घेतो तेव्हाच कारवाईला खरा जोर येतो, म्हणून माल अजून तिथे विकला जातोय हे शक्य तितकं लवकर कळवा. पोचपावती घ्या.

नुकसानभरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. त्याआधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला नोंद करता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये तपासणीशिवाय दोष कळणार नसेल तर आयोग स्वतः नमुना सील करून लॅबला पाठवू शकतो. ती दुसरी, न उघडलेली डबी इथे कामाला येते.

पायरी ८: घर आणि उरलेलं क्रीम

पारा डबीत गप्प बसत नाही. उशीचे अभ्रे, टॉवेल, नाइटी, आईच्या गालाला गाल लावून झोपणारं बाळ, सगळीकडे तो जातो. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि व्हर्जिनियात २०१० च्या सुमारास झालेल्या तपासात क्रीम न लावणाऱ्या घरच्या माणसांच्या लघवीतही पारा वाढलेला आढळला होता. म्हणून घरातल्या सगळ्यांची, विशेषतः मुलांची, लघवी तपासा. रोज वापरलेले अभ्रे आणि टॉवेल क्रीमने माखलेले असतील तर सरळ पिशवीत बंद करून टाकायच्या सामानात ठेवा. बाकीचे वेगळे धुवा. घरभर पंखा लावून खिडक्या उघड्या ठेवा. ज्या कपाटात डबी ठेवली तिथे ओला कपडा फिरवा, झाडू नको.

तक्रारीचं काम संपेपर्यंत डबी ठेवा. संपल्यावर बेसिनमध्ये, संडासात, ओल्या कचऱ्यात टाकू नका, जाळू तर मुळीच नका, पारा वाफ होऊन घरभर पसरेल. मुंबई महापालिकेने २०२५ पासून घरगुती सॅनिटरी आणि विशेष काळजीचा कचरा वेगळा उचलायची सेवा सुरू केली आहे. सोसायटीने नोंदणी केली असेल तर दुहेरी पिशवीतली, ‘पारा’ असं लिहिलेली डबी त्यांना द्यायची का हे प्रभाग कार्यालयात विचारून घ्या. पार्लरनाही ही नोंदणी करता येते.

शरीरातला अकार्बनी पारा निम्मा व्हायला साधारण एक ते दोन महिने लागतात, म्हणून लघवीची दुसरी तपासणी दोन महिन्यांनी करा आणि उतार दिसतो का बघा. उतार नसेल तर कुठेतरी अजून एक डबी आहे.

काकूंच्या भाचीच्या बाबतीत ती तशीच सापडली. आम्ही दोघी पार्लरमध्ये गेलो. भांडायला नाही, विचारायला. पार्लरवाली मुलगी जेमतेम पंचविशीची, तिने काउंटरखालून मोठी पांढरी बरणी काढली, वर ना नाव ना बॅच. त्यातूनच ती छोट्या डब्या भरायची, उघड्या बोटांनी, चार वर्षं. लॅबमधून आलेला आकडा पाच अंकी होता. भाचीची सूज औषधांनी उतरली आणि लग्न ठरल्या दिवशी झालं. लघवीच्या तपासणीसाठी मी दुसऱ्या दिवशी ज्या मुलीला सोबत घेऊन गेले ती मात्र पार्लरवाली होती. तिला गेल्या वर्षापासून रात्री झोप लागत नव्हती, आणि ती ते मोबाइलमुळे असेल असं समजत होती.